काचेआडचा डबा आणि पाडव्याची मेंढरं

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर संगणक म्हणणार नाही. पत्र्याचा काळा डबा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. घरातले सगळे मला 'डबा' म्हणतात आणि मला त्याचा राग नाही.

ही हकिकत घडली तेव्हा माझ्यातले घड्याळ बंद पडले होते. आतला रुपयाएवढा सेल संपला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी चालू झालो की माझी तारीख मागे, माझ्या जन्माच्या वर्षावर जाऊन बसे. म्हणून वर्ष मी घरातल्या कार्यावरून सांगतो. ज्या उन्हाळ्यात घरातल्या तान्ह्या लेकीचे, सृष्टीचे, बारसे झाले, त्या उन्हाळ्यात मी जुळे सोलापुरातल्या या घरात आलो.

त्याआधी मी एका चादरीच्या कारखान्यात कामाला होतो. मालकांची बहीण सुंदरम्मा माझ्या पडद्यावर चौकोन भरून चादरीची नक्षी काढत असे. मोराचा तुरा एका घराने इकडचा तिकडे सरकवायला तिला अर्धी सकाळ लागे, आणि मनासारखा जमला की ती तेलुगूत स्वतःलाच शाबासकी देई. भिंतीपलीकडे माग धडधडत. तो मोर कापडावर उतरला तेव्हा कारखान्यातले लोक मला बघायला आले होते. पुढे नवे यंत्र आले. ज्या चादरीचा मोर माझ्या पोटात काढला होता, तिच्याच एका फाटक्या तुकड्यात मला गुंडाळून गोदामात टाकले. वर टाकाऊ सुताची पोती पडली. अंधार म्हणजे काय ते मी तिथे शिकलो.

पूनमने मला जुन्या बाजारातून उचलून आणले. पूनम बार्शीची. एका कॉलेजच्या संगणक खोलीत ती नोकरी करते. तिचा नवरा बिरुदेव एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहे. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.

तिने माझे पोट उघडले, धूळ झटकली आणि माझ्यातले सगळे जुने पुसून टाकले. सुंदरम्माचे मोरही गेले. मग पेनड्राइव्हवरून तिने माझ्यात लिनक्स ही मला चालवणारी प्रणाली घातली, तीही अगदी मोजकी. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे. ती एकेक ओळ लिही आणि मी एकेक गोष्ट आत घेई. आधी मूळ गाभा, मग पडद्याची सोय, मग आवाजाची, आणि शेवटी व्हिडिओ दाखवणारा एक प्रोग्राम. बटण दाबले की दुसरे काही न विचारता तोच उघडायचा. त्यातून बाहेर पडायला तिने वाटच ठेवली नाही.

"एवढंच? दुकानात लावतात तसं समदं टाक की," बिरुदेव म्हणाला.

"जुना जीव आहे. जेवढं लागतं तेवढंच घालायचं. जास्त ओझं टाकलं तर बसकण मारंल."

कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, "कोन जुना? म्या का त्यो डबा?"

"डबा हो, मामा."

"मंग बरं."

हे बिरुदेवचे वडील, धुळाप्पा. मंगळवेढ्याच्या पलीकडे कोरड्या माळावर बिरोबावस्ती आहे, तिथले ते मेंढपाळ. माघात ओढ्यात अडकलेले कोकरू काढायला उतरले आणि घसरले. खुब्याचे हाड मोडले. सोलापुरात शस्त्रक्रिया झाली आणि लेकाने त्यांना खुर्चीत बसवून या तिसऱ्या मजल्यावर आणले. चढवले ते चढवले, उतरवले कोणीच नाही. ते चौकटीच्या काठीला धरून खाटेपासून गॅलरीपर्यंत जात, गॅलरीचे गज धरून उभे राहत आणि परत येत. त्यांची बायको म्हाळसाबाई मात्र आली नव्हती. मेंढरे कोणावर टाकणार? ती धाकटा दीर कुंडलिक याच्याबरोबर वस्तीवरच राहिली.

धुळाप्पांचे मागणे एकच होते. दिवाळीच्या पाडव्याला वस्तीवर जायचे. मित्रांनो, त्या दिवशी त्यांच्याकडे मेंढरे रंगवतात, गोवऱ्यांवर दुधाचे बोळके उतू घालतात आणि सगळा कळप त्या धुरावरून पळवतात. कळपाच्या पुढे धुळाप्पा धावत. कळते झाल्यापासून त्यांचा एकही पाडवा चुकला नव्हता.

"पाडव्याला मला न्ह्यायचं," ते म्हणत.

"न्हेऊ की आबा. पाय तर बरा हू दे," बिरुदेव म्हणे. मग तो म्हणे, गौरी-गणपती होऊ दे. मग म्हणे, पावसाळा सरू दे.

तोवर करमावे म्हणून मला आणले होते. वस्तीवर फोनला रेंज नसते. देवळाच्या उंचवट्यावर गेले तर थोडी मिळते, तीही तुटक. तिथून म्हाळसाबाई कुंडलिकच्या फोनवर मेंढरांचे व्हिडिओ काढून पाठवत. पण धुळाप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. फोनवरचे मेंढरू त्यांना मुंगीएवढेही दिसत नसे. म्हणून लग्नात घेतलेला मोठा टीव्ही, त्याखालच्या कपाटात मी, आणि हातात एक छोटा रिमोट. त्यातले एकच बटण दाबायचे, असे पूनमने त्यांना शिकवले.

पहिल्या दिवशी फजिती झाली. पूनमने व्हिडिओला 'वस्ती' असे नाव दिले होते आणि माझ्या पडद्यावर नुसते रिकामे चौकोन आले. मोजकेच घालायच्या नादात ती मराठी अक्षरे घालायला विसरली होती. तिने ती घातली. अक्षरे मला अशी उशिरा आली. धुळाप्पांनाही ती केस पिकल्यावर आली होती, वस्तीवरच्या साक्षरतेच्या वर्गात. ते हवेत बोट फिरवत टीव्हीवरचे नाव वाचत, "व... स... वस्ती." आणि माझ्याकडे बघून हसत. आम्हा दोघांचे तिथेच जमले.

व्हिडिओ लागला. पडद्याच्या मधोमध एक अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना काळे, आणि त्या पट्टीत मेंढरे.

"आगं, ही मेंढरं दाराच्या फटीत अडकल्यावानी का दिसत्यात?"

"आत्यांनी फोन उभा धरलाय, मामा. आडवा धरला की पडदा भरंल."

"सांगून बग तिला. आजपातुर तिनं माजं ऐकलं न्हाय, तुजं काय ऐकती."

तेवढ्यात पट्टीतून म्हाळसाबाईंचा आवाज आला. खणखणीत, माळावरून हाक मारायची सवय असलेला. "अवं, ऐकताय न्हवं? ह्यो बगा तुमचा काळ्या एडका. लई माजलाय. तुमी न्हाईसा म्हनून कुनाच्या बापाला भ्येत न्हाय."

धुळाप्पा टीव्हीलाच म्हणाले, "आन् तू कुटं हाईस? तू दिसंना की!"

बिरुदेवने तो निरोप फोनवरून कळवला. पुढच्या व्हिडिओत उत्तर आले. मेंढरे तीच, पट्टी तीच, कोपऱ्यात म्हाळसाबाईंचा अंगठा. "म्या दिसून काय करू? म्या काय लोकर देती व्हय? मेंढरं बगा."

धुळाप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझे ते कौतुकाचे दिवस. तळमजल्यावर राहणारा टेम्पोवाला चन्नवीर मुद्दाम वर येऊन बघून गेला. "अज्जा, तुमचं थेटर लई भारी की! तिकीट किती?" पूनमला शेजारणी म्हणाल्या, सासऱ्याचं किती करतेस गं. बिरुदेव कामावरून आला की विचारी, "आज मेंढरं आली का?" आणि हातपाय धुवायला जाई. आबांना आता करमतंय, असे तो सगळ्यांना सांगे. जिन्याचे नाव कोणी काढेनासे झाले.

पावसाळ्याच्या अखेरीस सृष्टी रांगू लागली आणि माझ्या फटीत तिने बिस्किटाचे तुकडे कोंबले. बिरुदेवने कपाटाला काचेचे दार लावले, वर कडी घातली. मी आत उबू लागलो. माझाच तापलेला वारा फिरून माझ्याच तोंडावर येई. समोर धुळाप्पा, त्यांच्यामागे गॅलरीचे गज. दिवसभर आम्ही दोघे एकमेकांसमोर असेच बसून असू.

त्याच सुमारास आवाजात खरखर येऊ लागली. म्हाळसाबाई बोलू लागल्या की मागे काहीतरी घासल्यासारखे वाजे. चित्रही हलू लागले.

"डबा बिघडला जनू," बिरुदेव म्हणाला.

पूनमने वायर बदलली. काळ्या पडद्यावर जाऊन आवाजाची मांडणी पुन्हा केली. खरखर तशीच राहिली. शेवटी तिने आवाजातला तेवढा पट्टाच दाबून टाकला. खरखर कमी झाली, म्हाळसाबाईही थोड्या लांबून बोलल्यासारख्या वाटू लागल्या.

"आवाज बसलाय व्हय गं तुजा?" धुळाप्पांनी निरोप धाडला.

"धुरळा बसलाय घशात," उत्तर आले. "तुमी तितं फरशीवर बसून पुसताय. हितं या, मंग कळंल."

मित्रांनो, मला ठाऊक होते. व्हिडिओ पडद्यावर जाण्याआधी माझ्या पोटातून जातो. ती खरखर माझ्या तारेत नव्हती, ती वस्तीवरूनच येत होती. पण मी कोणाला सांगणार? जेवढे लागते तेवढेच माझ्यात घातले होते, आणि मला बोलणे लागेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. बिरुदेवचे पाने-पक्कड मांडले, पूनमची स्कूटी खाली पुजली. धुळाप्पा म्हणाले, "आन् डबा? सगळ्यात जास्ती त्योच राबतूय." त्यांनी स्वतः माझी कडी काढली. मला कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले. मग कनवटीची पिशवी सोडली. तिच्यात बिरोबाचा भंडारा होता. भंडारा म्हणजे हळद, पण त्यांच्याकडे ती चिमटीने वाहत नाहीत, मुठीने उधळतात.

"मामा, थोडासाच हं!" पूनम स्वयंपाकघरातून ओरडली.

"देवाचं काय थोडं असतं व्हय? ह्येला वरीसभर राबायचं हाय." त्यांनी वाकून माझ्या मागच्या बाजूला हात फिरवला. जिथून वारा येत-जात होता, ती जाळी त्यांच्या बोटांना लागली. "ह्येचं तोंड हितं हाय न्हवं?" ते हळूच म्हणाले, आणि लहान लेकराला भरवावे तशी मूठभर हळद त्यांनी माझ्या तोंडात घातली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

माझ्या पंख्याने ती सगळी आत ओढून घेतली.

इतक्या मायेने मला आजवर कोणी भरवले नव्हते. आणि इतका मी कधी गुदमरलोही नव्हतो. पूनमने वरून फडके मारले आणि ती दिवाळीच्या कामाला लागली. पंखा जड फिरू लागला. ताप मोजून सांगणारा प्रोग्राम माझ्यात नव्हता. काचेआड मी तसाच चालत राहिलो.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी धुळाप्पांनी पुन्हा विषय काढला.

"उद्या पाडवा हाय, बिऱ्या."

"आबा, तीन मजलं. मधीच पाय निसटला तर? तिकडं रस्ता कसला, तुमाला ठावं हाय. काका व्हिडिओ धाडणार हायती. टीव्हीवर समदं दिसंल की."

"दिसंल," धुळाप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दिसंल म्हना."

सकाळी त्यांनी फेटा बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि माझ्यासमोर खुर्चीत बसले. सृष्टी त्यांच्या पायाशी. उन्हे वर आली तेव्हा व्हिडिओ आला. पूनमने तो फोनवर न बघताच माझ्यात घातला आणि गॅलरीचे दार लोटून सगळे बसले. बोळक्यातले दूध उतू जात होते. मेंढरांच्या पाठी लाल-पिवळ्या. लांबून कळप सुटला. "आलं, आलं!" म्हणत धुळाप्पा खुर्चीतून अर्धे उठले, आणि त्याच क्षणी मी बंद पडलो.

मुद्दाम नाही. सोसले नाही. काळा पडदा, आणि त्यात फेटा बांधलेल्या माणसाची सावली.

बिरुदेवने कडी काढून मला थापटले. मी पुन्हा चालू झालो, कळप पुन्हा सुटला आणि मी पुन्हा बसलो. "मरू दे डबा," तो म्हणाला. "आबा, फोनवरच बघा." त्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि आवाज पूर्ण वाढवला.

धुळाप्पांना चित्र दिसलेच नाही. सगळ्यांना ऐकू मात्र आले. म्हाळसाबाई काही बोलत नव्हत्या, फक्त श्वास घेत होत्या. खर्र... खर्र... मध्ये एक खोकला, आणि चित्र गदगदा हलले.

पूनमने फोन हातात घेतला आणि कानाला लावला. ती माझ्याकडे बघू लागली. मी बंद होतो.

"अहो," ती बिरुदेवला म्हणाली, "ही खरखर डब्याची नाही. आत्यांची आहे."

बिरुदेवने कुंडलिकला फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा लावला, तेव्हा कुठे लागला.

"काका, आईला काय झालंय?"

पलीकडून कुंडलिकचा रडवेला आवाज आला. "आरं, म्या सांगणार हुतो. वैनीनं शपथ घातली. भादव्यापास्नं काय खात न्हाय. निस्ती काटकी झालीया. म्हनली, त्यास्नी कळलं तर जिना उतराय बगत्याल आन् दुसरा पाय मोडून घेत्याल. म्हनून तर तोंड दाखवत न्हवती."

धुळाप्पांनी घोंगडी नीट केली. "खुर्ची उचला," ते म्हणाले.

"आबा, पायऱ्या—"

"पाठीवर मेंढरू घिऊन म्या ओढं उतारल्यात. तुमाला एक म्हातारा उतरवाय यीना व्हय?"

पूनमने गॅलरीतून चन्नवीरला हाक मारली. तो धावत आला. खुर्चीला पूनमची ओढणी आडवी बांधली, पुढून चन्नवीर, मागून बिरुदेव. "अज्जा, घट्ट धरा. अन् हलू नका, आमच्या पोत्यापेक्षा हलके आहात तुम्ही," असे चन्नवीर म्हणाल्याचे मी ऐकले. मग दाराबाहेर पावलांचा आवाज, एक वळण, दुसरे वळण. खाली टेम्पो सुरू झाला. सृष्टीच्या दुधाचे भांडे ओट्यावर अजून कोमट होते, इतक्या लवकर ते सगळे आटोपले. ज्या जिन्याने धुळाप्पांना माघापासून अडकवून ठेवले होते, तो जिना एवढासाच होता.

दाराला कुलूप लागले. काचेचे दार उघडेच राहिले होते. माझा ताप हळूहळू उतरला आणि मला विचार करायला वेळ मिळाला. खोलीत आणि वस्तीवर सगळे ठीक चालले आहे, असे मी चालत असेपर्यंत सगळ्यांना वाटत होते. मेंढरे दिसतात ना, मग झाले. मी बंद पडलो तेव्हाच त्यांनी कान दिला.

बऱ्याच दिवसांनी पूनम एकटी आली. तिने माझे झाकण काढले तशी पिवळी धूळ फरशीवर सांडली. ती तिथेच बसून राहिली. मग चिमटीत थोडा भंडारा घेऊन तिने कपाळाला लावला, उरलेला ब्रशने हळूहळू झाडला. पंखा मोकळा केला. आवाजातला जो पट्टा दाबला होता, तो पुन्हा उघडला. रुपयाएवढा नवा सेलही बसवला आणि तारीख लावली. मग तिने स्वतः काढलेला एक व्हिडिओ माझ्यात घातला.

तिने फोन आडवा धरला होता. पडदा काठोकाठ भरला. माळ, त्यावरचे आभाळ, झोपडीसमोर बाज. बाजेवर म्हाळसाबाई. इतके दिवस ज्यांचा आवाज माझ्या पोटातून जात होता, त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. गाल आत गेलेले, डोळे मोठे, आणि डोळ्यांत तीच खोडी. शेजारी धुळाप्पा बसलेले, त्यांच्या हातात तिचा हात.

"ह्यो फोन माज्याकडं कशाला धरलाय?" म्हाळसाबाई खरखरत्या आवाजात म्हणाल्या. "मेंढरं बगा की."

"मेंढरं लई बगितली," धुळाप्पा म्हणाले.

मित्रांनो, मी आता पुन्हा चालतो. सृष्टीची गाणी लावतो. दर महिन्याला पूनम माझी जाळी साफ करते. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्यालाही वारा लागू द्या, काचेआड कोंडू नका. आणि लांबून आलेला व्हिडिओ बघाल तेव्हा जे दिसते ते तर बघाच, पण फोन कोणाच्या हातात आहे तेही विचारा. तिला म्हणा, जरा स्वतःकडे वळव. नाहीच वळवला, तर जाऊन बघून या.

धुळाप्पा पुन्हा या घरी आले नाहीत. म्हाळसाबाईंचे दुखणे डॉक्टरांच्या हाताबाहेर गेले होते, म्हणून ते वस्तीवरच राहिले.

आता मला तारीख सांगता येते. म्हाळसाबाई १३ जानेवारी २०२५ रोजी, भोगीच्या दिवशी सकाळी, बिरोबावस्तीवर वारल्या. धुळाप्पा त्यांच्या उशाशी होते.